धूर साफ आहे

हकीमसाब मोटारीत बसायचे ते उलटे. मागच्या सीटवर गुडघे टेकायचे, सीटच्या पाठीला छाती लावायची आणि मागच्या काचेतून सुटत जाणारा रस्ता बघत राहायचं. परभणीच्या रस्त्यावरची माणसं हसत. हकीमसाबना रस्ता बघायचा नसे, धूर बघायचा असे. इंजिनात तेल फार लागणारी गाडी आली की इंजिन उघडण्याआधी ते अशी एक फेरी मारत. वेग घेताना निळा धूर सुटला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून पुन्हा दाबताना सुटला तर व्हॉल्व्हकडून तेल उतरतंय. धूरच नसला तर तेल कुठूनतरी गळतंय.

ते मिस्त्री. नाडी बघावी तसे इंजिनावर हात ठेवून ऐकत, म्हणून लोक हकीमसाब म्हणत. गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला, "पीती है के टपकती है, पहले ये बोलो." म्हणजे तेल आत जळतंय की बाहेर गळतंय. एखादा मालक "रिंगा बदलून टाका" म्हणत आला, तर त्याच्या हातात पाना देत. "मग तूच बदल ना मियाँ. मी चहा पिऊन येतो."

'बहुतेक' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. 'साफ' किंवा 'खराब', दोनच निकाल. जुनी मोटार विकत घेणारा माणूस हकीमसाबनी 'साफ' म्हटल्याशिवाय बयाणा देत नसे. त्या शब्दावर जिल्हा चालत होता.

माझे थोरले बंधू, दादा, फौजेतून ड्रायव्हर म्हणून सुटून आले आणि त्यांनी एक जुनी मोटार घेतली. ताडकळसात तेव्हा भाड्याची ती एकच गाडी. आमच्या बौद्धवाड्याकडे एरवी न फिरकणारेसुद्धा अडल्यावेळी दादाला हाक मारायला येत. दुष्काळ सरून गेल्यानंतरची ही गोष्ट. गाडीला तेल फार लागू लागलं, आणि नेमके वहिनींचे दिवस भरत आले होते. पहिली दोन बाळंतपणं वाया गेली होती. या खेपेला दुखू लागताच परभणीचा दवाखाना गाठायचा, हे ठरलेलं होतं.

"हकीमसाब, घरात बाळंतपण हाय," दादा म्हणाले. "गाडीनं दगा द्यायला नको."

हकीमसाब उलटे बसले, फेरी झाली. मीही गाडीत होतो. "धूर साफ आहे," ते उतरून म्हणाले. "पीत नाही तुमची गाडी. टपकते. घाबरू नक्को." इंजिनाखाली ओल होतीच. त्यांनी तिथलं गळती अडवणारं गास्केट बदललं.

मी शाळेत गणित शिकवायचो. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं, सकाळी ते कोरडं. तरी तेलाची पट्टी काढावी तर पातळी पहिल्यासारखीच खाली. मी दादाला म्हणालो, "गळत न्हाई आणि कमी होतंय, म्हणजे पोटातच जातंय."

"तू पोरं शिकव. हकीमसाब साफ म्हणले."

बाजाराच्या दिवशी भाजीवाली मावशी पदर नाकाला लावून ओरडली, "काय रं दादा, मोटारीत चूल पेटवून चालवायलास का?" दादांनी मागे वळून पाहिलं. निळा लोट आम्हा दोघांनाही दिसला. "धूळ हाय ती," दादा म्हणाले. परभणीचा शब्द आमच्या डोळ्यांपेक्षा मोठा होता.

दादा गंगाखेडचं भाडं करून परतले तेव्हा वहिनींना कळा सुरू झालेल्या. मूल आडवं आहे, असं सुईण सांगत होती. दादांनी गाडी बंदसुद्धा केली नाही, मग पट्टी कोण बघणार? परभणीच्या निम्म्या वाटेत तेल संपून इंजिनातून ठोके येऊ लागले आणि ते जागीच आवळलं. पुढची वाट बैलगाडीने झाली. वहिनी वाचल्या. मुलगी होती, ती पोटातच गेली.

गाडी ओढून हकीमसाबकडे नेली. त्यांनी हेड उतरवलं, सिलिंडरच्या आत बोट फिरवलं आणि बोट तिथंच ठेवून बसले.

"रिंगा गेल्यात. धूर निळा असणार," ते म्हणाले.

"होता," मी म्हणालो. "बाजारातल्या बाईलाही दिसला."

"मला आता सगळीकडंच धूर दिसतो, मास्तर," ते हळू बोलले. "झाडावर, माणसावर. त्यातून गाडीचा कसा निवडू? सांगायला जीभ रेटली नाही."

दादा उठून बाहेर गेले.

पुढच्या बाजाराला हकीमसाब एस.टी.ने आमच्या घरी आले. दादा आतून बाहेर आले नाहीत. वहिनी दारात उभ्या होत्या, तिकडे बघून हकीमसाब म्हणाले, "बेटी, इंजिन दुसऱ्याकडून बसवून घेते म्हणशील तर तसं. पण हाताला अजून सगळं कळतं."

वहिनींनी चहाची कपबशी त्यांच्या हातात धरून दिली. "बसवा, चाचा. गावात दुसरी मोटार न्हाई."

त्यांनी सिलिंडर आतून कातून, बोअर करून आणला, नव्या रिंगा घातल्या, हातानं चाचपून सगळं इंजिन जुळवलं. त्यानंतर गाडीचं तेल उतरलं नाही. गावातल्या कितीतरी बायका त्या गाडीतून वेळेवर परभणीला पोचल्या. वहिनी तिच्यात पुन्हा बसल्या नाहीत.

तेल टिकतंय, हे त्यांना सांगावं म्हणून मी परभणीला गेलो, तर दुकानात दुसराच मिस्त्री. डोळे पुरते गेले आणि हकीमसाब लेकीकडे निजामाबादला गेले, असं त्याने सांगितलं. घरी येऊन मी ते वहिनींच्या कानावर घातलं. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. हात थांबला.

"कुणी धरून नेलं का त्यांला," त्यांनी विचारलं, "का एकलेच गेले?"

ते मी विचारलंच नव्हतं.