उजेडमामा आणि खडकातली कोळंबी

उभी हयात रंगमंचाच्या दिव्यांमागे काढलेल्या माणसाला खऱ्या नावाने कोण हाक मारणार? नायिकेपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना उजेडमामा म्हणायचे. पहाट हवी, उजेडमामा. चांदणं हवं, उजेडमामा. मरणाऱ्या राजाच्या गालावर जराशी धुगधुगी दाखवायची, तरी उजेडमामाच. टाळ्या पुढे उभे राहणारे घेऊन जात. मामा वर मचाणावर बसून तापलेल्या दिव्यांवरची धूळ पुसत असत आणि त्यातच सुखी असत.

काम थांबल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. मामींनी नाक मुरडलं. त्या कपडेपटात शिवणकाम करून निवृत्त झालेल्या. नवऱ्याचे छंद त्यांना तोंडपाठ.

"इतकी वर्षं मचाणावर होतात, आता टाकीत. घरात कधी येणार आहात?"

पण टाकीत बोटभर लांबीचा पिवळा मासा आला आणि मामीच आधी विरघळल्या. त्यांनी त्याचं नाव हळकुंड ठेवलं. दुपारी त्या काचेशी शिवण घेऊन बसल्या की हळकुंड वाळूवर टेकून त्यांच्याकडे टुकुटुकु बघत राही. घर पाण्यासारखं संथ व्हायचं, घड्याळसुद्धा दबकत चालतंय असं वाटायचं.

मग मामांना टाकी बोडकी वाटू लागली. नेपथ्य हवं म्हणून त्यांनी समुद्रातला एक भोकाभोकांचा खडक विकत आणला. पाठोपाठ टाकीतून आवाज येऊ लागला. टक्. कुणीतरी चुटकी वाजवल्यासारखा. आणि हळकुंड दिसेनासं झालं.

"तुमच्या नेपथ्याने माझं हळकुंड खाल्लं," मामी म्हणाल्या आणि शिवण उचलून आत गेल्या.

मामांनी माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"खडकात लपून कोळंबी आली असणार," तो म्हणाला. "असा आवाज दोन जातींचा असतो. एकीचा एक पंजा भलताच मोठा. ती चुटक्या वाजवते, बिळं खणते, माशांच्या वाटेला जात नाही. दुसरीचे डोळे देठांवर, हात छातीशी दुमडलेले. दिसायला साध्वी, पण मासे मारते. तुमचा मासा गेलाय ना? मग दुसरीच. खडक गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, विषय संपेल."

"तिचं तोंडही न बघता?"

"मामा, कोळंबीचं कसलं तोंड बघताय?"

मामींनी बादली भरूनच ठेवली होती. मामा हळूच म्हणाले, "एक दुपार दे मला. तिनेच मारलं असेल, तर खडक मी स्वतः बुडवतो."

त्यांनी माळ्यावरून जुना स्पॉट काढला आणि खडकाच्या मोठ्या भोकावर झोत सोडला. उजेड पडला की माणूस तिकडे सरकतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. कितीही लाजरा नट असो, पाऊल आपसूक झोताकडे वळतं. इथे मात्र काही हललं नाही. खडकावरचे बारीक किडेसुद्धा आत पळाले.

"अहो, ती काय तुमची नटी आहे?" मामी मागून म्हणाल्या. "आम्ही कपडेपटातल्या बायका कुठे उभ्या राहायचो? उजेड संपतो तिथे."

मामा थबकले. मग त्यांनी स्पॉट विझवला. खिडक्यांवर काळी कापडं टांगली, दिव्याला गडद लाल जिलेटिनचा कागद लावला आणि उजेड कमी-जास्त करणारा डिमर अगदी तळाशी नेला. पाण्यातल्या पुष्कळ जिवांना लाल उजेड जाणवतच नाही, हे त्यांनी ऐकलेलं होतं. भरदुपारी खोलीत कुठल्याशा आटपाट नगरातली सांज उतरली. दोघं श्वास धरून बसली.

खडकाच्या मागच्या बाजूला वाळू हलली. आधी दोन लांब मिशा आल्या, मग एक भलामोठा पंजा वाळू ढकलत आला. दुसरा त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. कोळंबीने वाळूचा ढीग बाहेर लोटला. आणि तिच्या पुढ्यात, बिळाच्या दाराशी, राखणीला बसावं तसं हळकुंड बसलेलं होतं.

"अगंबाई," मामी पुटपुटल्या.

कोळंबीची एक मिशी हळकुंडाच्या शेपटीवर टेकलेली होती. मामांनी खुर्चीत जरा अंग हलवलं, तशी शेपूट थरथरली आणि कोळंबी झटकन आत गेली.

"तिला दिसत नाही की काय?"

"फारसं नसावं. ती घर खणते, हा पहारा करतो."

"आणि आपण तिला बुडवायला निघालो होतो." मामींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "बादली घेऊन जा आधी. मला बघवत नाही ती."

पुढे मामांनी रोज डिमर केसभर वर नेला. नाटकातली पहाट ते पाच मिनिटांत उजाडवायचे. या पहाटेची त्यांना घाई नव्हती. मधूनच टक् व्हायचं आणि मामी मान न वळवता "ओ" द्यायच्या. हळकुंड मात्र पुढच्या काचेशी आता येईना. मिशी पोचेल तेवढंच त्याचं जग झालं होतं. मामी त्याच्यावर जराशा रुसल्या.

मग एके दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून खडकाच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवली. तिथे मामा आधीच बसलेले.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, "तुम्ही तिचं दार अडवलंय."