ताप माझ्या सुईचा

पुष्पाबाईंनी पहिल्याच भेटीत मला दवाखान्यातून परत पाठवलं. आणि मी गेले होते कशाला, तर पोराला लस टोचून घ्यायला!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उमरेडहून लग्न होऊन मी नागपुरात, गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत आले होते. राजू चार महिन्यांचा होता. समोरच्या घरातलं तान्हं डांग्या खोकल्यानं निळं पडताना मी दारातून पाहिलं. सरकारी दवाखान्यात यावर सुई मिळते असं कळलं होतं, पण सासूबाईंपुढे विषय काढायची सोय नव्हती. "मांडी आखडली तर पोरगा मागावर बसन कसा?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आमचे माग खड्ड्यावरचे. वर हातांनी धोटा फेकायचा, खाली पायांनी फळ्या दाबायच्या. पाय गेला की विणकर संपला. नवऱ्याला विचारलं, तर तो धोट्यावरची नजर न काढता म्हणाला, "मायले विचार." मोठाच आधार झाला म्हणायचा! मग भाजीची पिशवी घेतली, इतवारीच्या बाजारात जाते म्हणाले आणि राजूला पदराखाली घेऊन निघाले.

पुष्पाबाई दवाखान्यातल्या नर्स. ठेंगण्या, पांढऱ्या पातळातल्या, आवाज मात्र चौकापर्यंत जाईल असा. त्यांनी राजूच्या आधी माझी पिशवी पाहिली.

"घरी सांगून आली काय वं?"

मी पिशवी पाठीमागे लपवली.

"चोरून आणलेल्या लेकराले मी सुई टोचत नाही. उद्या याले ताप येईन, मंग घरी काय सांगशीन? अन् तीनदा टोचा लागते. तीनदा चोरी करशीन काय? जा, सांगून ये."

असा राग आला म्हणून सांगू! रस्ताभर मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. पण घरी आल्यावर पिशवी रिकामी दिसली, सासूबाईंनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना एकदम म्हणाल्या, "सुई न टोचताच वापस पाठवलं तिनं? सासूले विचार म्हणे?" मग सूप पाखडत म्हणाल्या, "ने. पण याले काही झालं, तर तुले अन् तिले, दोघींले पाहून घेईन."

सुई टोचली त्याच संध्याकाळी राजूला ताप भरला. सकाळी मांडीवर लाल गाठ. सासूबाईंनी ती पाहिली आणि हात जोडले. माता आली! दाराला कडुनिंब बांधला गेला, फोडणी बंद, माग बंद, बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत मज्जाव. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी राजूला घेऊन कोपऱ्यात बसले. हे आपणच ओढवून आणलं, एवढंच मनात येत होतं.

टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन यायचं, ही पुष्पाबाईंची रीत होती. त्या आल्या, दारावरचा पाला त्यांनी पाहिला. दुसरं कुणी असतं तर आम्हाला अडाणी ठरवून मोकळं झालं असतं. बाईंनी नालीपलीकडे चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"आजी, हा ताप मातेचा नाही. माझ्या सुईचा आहे. मी आणला. देवीवर काहून आळ घेता?"

सासूबाई दाराशी आल्या. "म्हणजे, तूच कबूल करून राहिली?"

"हो. एकदोन दिवसांत उतरते. पोरगं दूध पीत नाही असं झालं, तर मी सोता डॉक्टरले घेऊन येतो. पण पाहिल्याबिगर मी इथून हालत नाही."

आणि खरंच शेजारच्या ओट्यावर बसल्या. थर्मामीटर उंबऱ्यावरून आत यायचा, मी तो राजूच्या काखेत धरायची, परत बाहेर द्यायची. त्या उन्हाकडे धरून वाचायच्या. ओलं फडकं कुठं ठेव, किती वेळानं पाज, सगळं तिथूनच. चारच्या सुमाराला राजूला घाम फुटला आणि तो चुटूचुटू पिऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टोचलेल्या पायानं त्यानं आजीच्या हनुवटीला लाथ मारली. "पाहा वं, पाहा! कशी लाथ मारून राहिला!" सासूबाईंनी स्वतः पाला उतरवला. माग खटखट सुरू झाले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी फोडणीत दोनदा मोहरी घातली.

पुढच्या दोन्ही सुयांना राजूला सासूबाईच घेऊन गेल्या. गल्लीत सांगत सुटल्या, "आपल्या हातानं ताप आला म्हणून सांगणारी सरकारी बाई मी पहिल्यांदा पाह्यली."

त्या हिवाळ्यात डांग्या खोकला गल्लीत घरोघर शिरला. एका सकाळी राजूही खोकला. सासूबाई अनवाणीच दवाखान्यात गेल्या आणि पुष्पाबाईंना घेऊन आल्या. बाईंनी त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं, त्याला पुन्हा खोकू दिलं.

"साधी सर्दी आहे, आजी. तो खोकला असा नसते. तरी डॉक्टरले दाखवून घेऊ."

सासूबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. आम्हाला वाटलं, हसतायत. त्या रडत होत्या.

"माही पयली पोरगी याच खोकल्यानं गेली," त्या म्हणाल्या. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. "सात महिन्यांची होती. तवा तू नव्हती ना वं बाई."

पुष्पाबाईंनी राजूला उचललं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. सासूबाई त्याच्या छातीशी कान लावून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या, आणि तो त्यांचे केस ओढत खिदळत होता.