फडक्यातून गाळलेलं पाणी

आमच्या घरात बोअरचं पाणी कधी तसंच प्यायलं नाही. आई ते रात्रभर पातेल्यात निवळू द्यायची, सकाळी वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून घ्यायची आणि तळाचा तांबडा गाळ फेकून द्यायची. निपाणीकडची ही सवय बेंगळुरात येऊनही सुटली नाही. त्या सवयीनेच माझा घात केला.

अण्णा, माझा थोरला भाऊ, आनेकलला बोअर मारायचा. वडील लवकर गेले, तेव्हा त्याने शाळा सोडून बोअरची गाडी धरली आणि मला इंजिनिअर केलं. प्रत्येक नव्या बोअरचं पाणी तो ओंजळीत घेऊन चाखायचा. लोक हसायचे. मीही हसायचे, पण कौतुकाने.

एचएसआर लेआउटमधली एक इमारत जमिनीच्या गारव्यावर थंड ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वर कितीही ऊन तापो, खालचा खडक आपला एकसारखाच. एका बोअरचं पाणी वर घ्यायचं, पातळ पत्र्यांच्या यंत्रातून फिरवून इमारतीची उष्णता त्याला द्यायची आणि दुसऱ्या बोअरमधून परत खाली सोडायचं. बोअर मारायला अर्थातच अण्णा आला.

पहिल्या बोअरचं पाणी मी प्रयोगशाळेत दिलं. रिपोर्ट आला: लोह नावालाच. दुसरी बोअर लागली त्या दिवशी इमारतीचे मालकही हजर होते. अण्णाने दोन्ही बोअरचं पाणी चाखलं आणि थुंकलं.

"अगं, लोखंड आहे ह्यात. स्वल्प नव्हे, चिक्कार! पत्रे चोंदतील तुझे. त्यापेक्षा बंद नळी सोड खाली, तिच्यात चांगलं पाणी फिरव."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पारा चढला.

"अण्णा, जिभेवर इंजिनिअरिंग चालत नाही. तू भोक पाड, बाकीचं मी बघते."

त्याने हात पुसले आणि कानडीत होकार दिला. "सरी, मॅडम."

त्यानंतर फोनवरही तो मला मॅडमच म्हणायचा. मला ते सोसायचं नाही. पण माफी मागायची तर दिवाळीला ओवाळताना मागू, म्हणून मी थांबले. दिवाळीच्या आधीच तो कामावर छाती धरून खाली बसला, तो उठला नाही.

उन्हाळ्यात इमारत थंड होईना. यंत्र उघडलं, तर पत्र्यापत्र्यांत तांबडा चिखल. आईच्या पातेल्याच्या तळाशी असायचा, तोच. मला पहिल्या बोअरचा नमुना आठवला.

नमुना घेतला त्या संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून कॅन मी घरी नेला होता. सकाळी पाणी गढूळ दिसलं. असलं घाण पाणी लोकांना काय द्यायचं, म्हणून चौपदरी फडक्यातून गाळून स्वच्छ बाटली भरून दिली. लोह हवेला लागलं की गंजतं आणि तळाशी बसतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. हात मात्र आईच्या वळणाचे. जे शोधायचं होतं, तेच मी मोरीत ओतलं होतं.

मी अण्णाच्या नंबरवर फोन लावला. तो आता वहिनी उचलते.

"वहिनी, पाणी तांबडं निघालं. अण्णाचं खरं होतं."

ती म्हणाली, "ठाऊक होतं त्यांना. गाडीवरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं त्यांनी, उद्या कुणी विचारलं तर म्हणा, बोअर आम्हीच नीट फ्लश केली नाही, आतला गाळ धुऊन काढला नाही. मॅडमचं नाव येता कामा नये. वन्सं, तुम्ही तसंच सांगा. आता त्यांना काय फरक पडतोय?"

मी फोन ठेवला. इतकं मी आयुष्यात कधी रडले नव्हते.

अहवालात मी फडक्याची गोष्ट खरी खरी लिहिली. दोन्ही बोअर नीट फ्लश केलेल्या होत्या आणि त्या मारणाऱ्याने मला वेळीच सांगितलं होतं, हेही लिहिलं. मालकांनी सही करून प्रत परत दिली. ती मी कपाटात ठेवली आहे, अण्णाला वाचून दाखवायची होती.