वाईट माणसाचा धडा

“मुलांनो, समजा असा माणूस तुमच्याजवळ आला, तर काय करायचं?”

कॅम्पच्या मॅडमनी बोट दाखवलं. सगळ्या मुलांनी माना वळवल्या. बोटाच्या टोकाला माझे वडील होते.

गुडघ्यापर्यंत ओली चड्डी. उघडं अंग. खांद्यावर जाळं. खाडीवरून घरी चालले होते. माडांच्या त्या बागेच्या कडेने जाणारी पायवाट आमच्या वाडीची. बागेत उन्हाळी कॅम्प भरायला लागला त्याच्याही आधीपासूनची.

“नाही!” मुलं ओरडली. दोन्ही हात पुढे. “लांब!” एक पाऊल मागे. “पळा!” आणि सगळी मांडवाकडे पळाली. काही खिदळत होती. एक लहान मुलगी खरंच रडायला लागली.

वडील थांबले. त्यांना वाटलं खेळ आहे. त्यांनी हसून हात हलवला. मुलं आणखी जोरात किंचाळली.

मी तिथेच होते. कॅम्पचा पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. मुलं मला ताई म्हणायची. मला वाटलं होतं मॅडम म्हणतील, अरे, हे तर ताईचे बाबा. पण मॅडमना ते माहीत नव्हतं, आणि मी त्या रडणाऱ्या मुलीचा हात धरून मांडवाकडे निघाले.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मालवणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील होडीवर जातात, आई बाजारात मासे विकते. मला पुढे शिक्षिका व्हायचंय. त्यासाठी मुलांबरोबर काम केल्याचं पत्र हाताशी असलेलं बरं, असं सरांनी सांगितलं, म्हणून मी मे महिन्यात या कॅम्पला लागले. मुलं सकाळी यायची, संध्याकाळी परत जायची. बरीचशी पुण्या-मुंबईची, सुट्टीसाठी आलेली. काही इथल्याच डॉक्टरांची, हॉटेलवाल्यांची. आमच्या वाडीतलं एकही नाही.

त्या दुपारी मी मॅडमना सांगितलं, “सकाळी गेले ते माझे वडील होते.”

“अगं बाई! सॉरी हं.” त्या हसल्या. “पण मनाला लावून घेऊ नकोस. उदाहरण होतं ते. आणि खरं सांगू? रोज याच वेळी जातात का ते? मुलांना समोर दिसलं की पटकन कळतं.”

त्या वाईट बाई नाहीत, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्या मुलांच्या सुरक्षिततेचं बोलत होत्या. आईवडिलांना त्याचीच काळजी होती. फाटकावर मोठा फलक होता, ‘तुमचं मूल इथे शंभर टक्के सुरक्षित’. फाटकावर रखवालदारही होता. पण खाडीच्या बाजूला कुंपण मोडलेलं होतं. तिथे नुसती हिरवी जाळी बांधलेली, तीही खालून सुटलेली. प्रथमोपचाराची पेटी मॅडमच्या गाडीत, आणि गाडी अर्धा वेळ बाजारात. मी एकदा भीत भीत म्हटलं, “मॅडम, भरतीला तिकडे पाणी लवकर चढतं. जाळी नीट बांधूया का?”

“किती निगेटिव्ह बोलतेस गं तू!” त्या म्हणाल्या. “आणि मुलांसमोर ते ‘खंय’, ‘थंय’ नको. त्यांचे पालक चांगल्या भाषेसाठी पाठवतात.”

घरी वडिलांनी विचारलं, “काय गो, पोरां माका बगून कित्याक बोंबललीत?”

“खेळ होतो, बाबा.”

“बरो खेळ,” ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

तो खेळ रोज झाला. वडील पायवाटेवर दिसले की कोणीतरी ओरडायचं, “जाळीवाला आला!” मग हात पुढे, पाऊल मागे, पळा. मॅडम टाळ्या वाजवायच्या. वडिलांनी हात हलवायचं सोडून दिलं. मग मान खाली घालून जायला लागले. मग अंगात सदरा घालून जायला लागले. खाडीवर जाताना सदरा. मला ते दिसत होतं. पण मी शिट्टी वाजवत राहिले. पत्र पाहिजे होतं.

कॅम्प संपायला आला होता. त्या दिवशी खजिना शोधायचा खेळ होता. मुलं झाडाझाडांमागे चिठ्ठ्या शोधत फिरत होती. माझ्या गटात एक मुलगा होता, पुण्याचा, पहिलीतला. नाव अद्वैत. त्याला कुर्ल्यांचं वेड. खेकड्यांना आम्ही कुर्ल्या म्हणतो हे माझ्याकडूनच शिकला होता, आणि हळूच माझ्या कानात म्हणायचा. चिठ्ठ्या सापडल्या, मुलं मांडवात आली. तो आला नाही.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ओरडू नकोस. इतर मुलं घाबरतील. बाथरूममध्ये बघ.”

मी बाथरूमकडे निघाले आणि खाडीकडून हाक ऐकली. वडिलांची. माझं नाव घेऊन. ते हाक मारतात तेव्हा लांबवून मारतात, होडीवरून मारावी तशी. ही हाक तशी नव्हती. तुटक होती.

मी हिरव्या जाळीखालून गेले.

अद्वैत खाडीतल्या वाळूच्या उंचवट्यावर होता. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. आता भरती लागली होती. त्याच्या आणि काठाच्या मध्ये पाणी आलं होतं, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात माझे वडील उभे होते. उभे. हलत नव्हते.

क्षणभर मला कळेना. माझा बाप पाण्यात असा का उभा आहे? चार हातांवर पोर आहे. हा उचलत का नाही?

मग त्यांनी एक पाऊल टाकलं. अद्वैतने दोन्ही हात पुढे केले. “नाही!” तो ओरडला. “लांब!” आणि मागे सरकला. मागे खोल पाणी होतं. त्याच्या छातीपर्यंत आलं.

वडील पुन्हा थांबले. हात वर केले. “नाय येनंय रे बाबू. थांब. थंयच थांब. मागे जाव नको.”

“पळा! पळा!” तो रडत ओरडत होता. एकटाच. त्याला पळायला जागा उरली नव्हती.

पोराने धडा पाठ केला होता. चुकला नव्हता तो कुठेच. सगळं जसं शिकवलं तसं करत होता, आणि तसं करत करत बुडायला चालला होता. त्याला वाचवू शकणारा एकच माणूस तिथे होता, आणि त्याच माणसापासून पळायचं त्याला शिकवलेलं होतं.

मी पाण्यात शिरले. त्याने माझा पिवळा टी-शर्ट पाहिला. “ताई!” म्हणाला आणि माझ्याकडे झेपावला. मी त्याला कवटाळलं. माझ्या गळ्यात तोंड खुपसून तो म्हणाला, “ताई, तो जाळीवाला मला पकडत होता.”

वडिलांनी ऐकलं. पाण्यात आमच्यापासून अंतर ठेवून काठापर्यंत चालत आले. पोर पुन्हा घाबरू नये म्हणून.

काठावर मॅडम आणि रखवालदार पोचले होते. मॅडमनी अद्वैतला माझ्याकडून घेतलं आणि वडिलांवर किंचाळल्या, “तू हात लावलास त्याला? काय केलंस तू?”

रखवालदाराने वडिलांचा सदरा धरला. तो आमच्याच बाजूचा. वडिलांना काका म्हणणारा. त्याने मान फिरवली होती, पण मूठ सोडली नव्हती.

“मिया काय करतलंय?” वडील म्हणाले. “पोर पाण्यात होता. हाक मारलंय फक्त.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. आधी कधी बसवलं नव्हतं. “हे बघ, तू शिकलेली आहेस, तुला कळेल. मुलगा बाहेर गेला कसा, हे निघालं तर कॅम्प बंद पडेल. त्याच्या आईला मी सांगितलंय की एक माणूस मागे लागला म्हणून तो घाबरून पळाला. त्या पोलिसात जाते म्हणत होत्या. मी थांबवलंय. उद्या समारोपाला सगळे पालक येतील. तुझ्या वडिलांनी यायचं, हात जोडायचे, म्हणायचं, माझ्यामुळे मूल घाबरलं, चूक झाली. दोन मिनिटांचं काम. विषय संपला. तुझं पत्र मी तयार ठेवते.”

मी खुर्चीवरून उठले.

घरी सांगितलं. आई मासळीची टोपली धूत होती. ती म्हणाली, “व्हय व्हय, जावा. जाताना नारळपण नेवा. ओटी भरा तेंची. तेंका लोकांचा पोर सांभाळूक जमला नाय, म्हणान.”

“तू गप,” वडील म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “माफी मागलंय तर मी काय झिजान जातलंय? पोलिसांचा लचांड नको गो बाय. तुझा शिक्षण होव दे.”

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

समारोपाला ते लग्नातला सदरा घालून आले. मांडवात पालक खुर्च्यांवर बसले होते. वडिलांना बाजूला माडाला टेकून उभं केलं. आधी मुलांचा नाच झाला. बक्षिसं वाटली. मग मॅडम माइकवर म्हणाल्या, “परवा एक छोटासा गैरसमज झाला. त्या गृहस्थांना त्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.”

वडील पुढे आले. माइक कसा धरायचा ते त्यांना कळेना. त्यांनी तो काखेत धरला आणि हात जोडले. जाळ्याच्या दोरीने भेगाळलेले ते हात. समोर बसलेल्या लोकांसमोर एकमेकांवर ठेवलेले. त्यांनी तोंड उघडलं.

मी जाऊन त्यांचे हात धरले आणि खाली केले. सोडवायला जोर लागला. घट्ट जोडले होते त्यांनी.

“हे माफी मागणार नाहीत,” मी म्हणाले. “अद्वैत खाडीकडच्या सुटलेल्या जाळीखालून बाहेर गेला. कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. भरती चढत होती. माझ्या वडिलांनी त्याला पाहिलं आणि हाका मारल्या. तो त्यांना घाबरून खोल पाण्यात जात होता, कारण इथे रोज सकाळी त्याला शिकवलं की वाईट माणूस असा दिसतो. माझ्या बापासारखा.”

“बास! बाजूला हो!” मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही वाईट माणूस कसा वागतो ते शिकवलं नाहीत. तो कसा दिसतो ते शिकवलंत. उघडा, काळा, जाळीवाला. अशाने पोरं वाचत नाहीत. बुडतात.”

मला वाटलं आता कोणीतरी उठेल. कोणी उठलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, “कार्यक्रमात हे असलं कशाला?” शेवटी अद्वैतची आई उभी राहिली. तिने मॅडमना विचारलं, “ती जाळी कुठे आहे?” मॅडम म्हणाल्या, “आपण आत बसून बोलू.” मग त्या बाईने मुलाला उचललं आणि फाटकाकडे गेली. आमच्या समोरून गेली. माझ्या वडिलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोरानेच मागे वळून पाहिलं आणि तोंड आईच्या खांद्यात लपवलं.

परत येताना वडील म्हणाले, “कित्याक केलंस गो ह्या?”

मी म्हटलं, “मगे कोण करतलो?”

ते घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिले. रागावले होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पत्र मिळालं नाही. वाडीत काहीजण माझ्याबद्दल म्हणतात, चेडू शेफारला. मी एसटीने ओरोसला जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन कॅम्पविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, “मुलाला काही झालं का? नाही ना? मग?” मी म्हटलं, झालं नाही म्हणूनच आज आलेय. त्यांनी अर्ज घेतला आणि ठेवून दिला. पुन्हा जाईन. ते तो अर्ज बाहेर काढेपर्यंत जात राहीन.

पुढच्या मेमध्ये कॅम्प भरणार, हे मला माहीत आहे. तेव्हा मी फाटकासमोरच्या रस्त्यावर उभी असेन. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक आईबापाला विचारीन, आत काही झालं तर तुमच्या पोराला कोण आणि कसं बाहेर काढणार आहे, हे तुम्ही विचारलंत का? मला हाकलतील. रखवालदाराला पाठवतील. रस्ता त्यांच्या बागेचा नाही. मी हलणार नाही.