व्हिएन्नात बांधलेला नवस

परदेशात जाऊन आलेल्या माणसाला आमच्या राई गावात दोनच प्रश्न विचारायचे. तिथे थंडी किती, आणि तुला खायला काय मिळालं. तिसरा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही, त्यामुळे शहर कसं होतं हे सांगायचं राहून गेलं.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी फिटर होतो. मालकाने ऑस्ट्रियातून एक मोठा प्रेस मागवला. तो खोलायला, जोडायला शिकून यावं म्हणून मला तिथल्या एका लहान गावात चार महिन्यांसाठी धाडलं. मालक काही दिलदार गडी नव्हता. जाण्यायेण्याचं तिकीट, राहायला खोली आणि पोट जेमतेम भरेल इतका भत्ता, एवढ्यावर त्याचं औदार्य आटोपलं. पण त्याच्या चिकटपणामुळेच माझं एक भलं झालं. स्वस्त तिकिटाच्या नादात त्याने परतीचं असं विमान धरलं, की गाव सोडल्यावर मला व्हिएन्नात दोन दिवस काढणं भागच होतं.

या दोन दिवसांचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. आमचं पहिलं मूल तीन दिवस जगलं. दुसरं जन्मलं तेच निपचित. हे तिसरं. ती पेणकरपाड्याला माहेरी गेली होती आणि तिचा भाऊ मला पत्र लिहायचा. पत्राला यायला दहा-बारा दिवस लागत. शेवटच्या पत्रात ‘अजून काही नाही, सगळं ठीक आहे’ एवढंच होतं, आणि तेसुद्धा बारा दिवसांपूर्वीचं ठीक. आता गाव सोडल्यावर मला पत्ताच उरला नव्हता. पेणकरपाड्यात काही बरंवाईट झालं असतं, तरी घरी पोचेपर्यंत ते मला कळायची सोय नव्हती.

स्टेशनजवळ चर्चने चालवलेलं एक वसतिगृह होतं. तिथे आठ जणांच्या खोलीत एक कॉट मिळाली. पेटी तिच्याखाली ढकलली आणि चालत सुटलो. ट्रामचे पैसे वाचवायचे हे एक कारण, आणि एका जागी बसलो की डोकं पेणकरपाड्याला जायचं हे दुसरं.

आणि काय शहर ते! मी फिटर माणूस, मला आधी सांधे दिसतात. राजवाड्याच्या भिंतीतले दगड मी नखाने तपासून पाहिले. दोन दगडांमध्ये नख जात नव्हतं. दोन पुरुष उंचीचे लाकडी दरवाजे एका बोटाने ढकलले तरी आवाज न करता उघडत होते. त्या बिजागऱ्यांपुढे मी इतका वेळ उभा राहिलो, की रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. शहराच्या मधोमध एक भलंमोठं चर्च आहे. त्याच्या छपरावर रंगीत कौलांची नागमोडी नक्षी काढलीय. आमच्याकडे पावसाळ्याआधी कौलं चाळायला मी वडलांबरोबर दर वर्षी छपरावर चढायचो, त्यामुळे एक कौल सरळ बसवायला काय त्रास पडतो हे मला ठाऊक आहे. त्या उंचीवर, त्या उतारावर कुणीतरी बसून लाखभर कौलं रंग जुळवत बसवली होती. मी मनातल्या मनात त्या माणसांना हात जोडले.

सगळ्यात मोठी चैन म्हणजे पाणी. राईत खाडीमुळे विहिरी मचूळ, गोड्या पाण्यासाठी बायका लांबवर हंडे घेऊन जायच्या. इथे रस्त्यातल्या कुठल्याही नळाला तोंड लावा, डोंगरावरचं थंडगार गोड पाणी. कॉफीच्या दुकानात एक कॉफी मागवली की वेटर चांदीसारख्या ताटलीत कॉफीसोबत पाण्याचा ग्लास ठेवायचा. तो संपला की न मागता दुसरा. तासभर बसलो तरी कुणी ‘उठा आता’ म्हटलं नाही. उलट वर्तमानपत्र आणून दिलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याचा मान राखायचा म्हणून मी शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

जेवणाचं म्हणाल तर पाव विकत घ्यायचा, आणि घरून नेलेल्या डब्यात तळाला उरलेला लाल मसाला त्यावर टाकायचा. एकदा बागेत बाकावर बसून खात होतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वास घेतला, डोळे पुसले आणि टोपी काढून मला नमस्कार केला. तो कौतुकाने केला की निरोपाचा, ते कळायच्या आत ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपार कलताना एका भव्य इमारतीच्या बाजूच्या दाराशी मला रांग दिसली. त्या काळात भाईंदरला वाढलेल्या माणसाला रांगेचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नसे. साखर असो, रॉकेल असो, रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, काय मिळतंय. पाय आपोआप वळले. माझ्यापुढे चष्मा लावलेला एक विद्यार्थी होता. त्याला मोडक्या इंग्रजीत विचारलं, तर तो म्हणाला, ऑपेरा. उभ्याने बघायची तिकिटं. किंमत विचारली आणि दोनदा विचारली, कारण ती चक्क एका पावापेक्षा थोडीच जास्त होती. आत बसणारे लोक गाड्यांतून उतरणार, आणि गाणं तेच ऐकणार. जे शहर गरिबाला उभ्याने का होईना पण त्याच छपराखाली घेतं, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला. अजून वाटतो.

तिकीट हातात पडताच सगळे जिने चढत धावत सुटले. म्हाताऱ्या बायकासुद्धा. मीही धावलो. वर, अगदी छताजवळ, उभं राहायच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेपुढे एक लांब पितळी कठडा. मी धापा टाकत पोचलो तर काय, प्रत्येक जण गळ्यातला मफलर, रुमाल, फीत, जे असेल ते काढून कठड्याला बांधतोय. गाठ पक्की आवळायची, हाताने एकदा चाचपून बघायची, आणि शांतपणे बाहेर निघून जायचं.

मी जागच्या जागी थबकलो. आमच्या गावाबाहेर खाडीकडे जाताना देवीचं एक जुनं झाड आहे. मनात इच्छा धरायची आणि त्याच्या फांदीला चिंधी बांधायची. इच्छा पुरी झाली की नारळ घेऊन जायचं आणि आपल्या हाताने गाठ सोडायची. पुरी झाली नाही तर गाठ तशीच राहते, तिला कुणी हात लावत नाही. माझ्या आईने बांधलेल्या दोन चिंध्या त्या फांदीवर उन्हापावसात पांढऱ्या पडल्या होत्या. तिसरी, हिरवी, बायकोने मी निघायच्या आदल्या दिवशी बांधली होती.

म्हणजे इथेही आहे तर! एवढे शिकलेले, चष्मेवाले लोक, पण गाण्याआधी आपलं मागणं मागतात. मला भरून आलं. खरं सांगायचं तर नवस-सायास यांवर माझा विश्वास नव्हता. मी मायक्रोमीटरवर विश्वास ठेवणारा माणूस. पण सहा हजार किलोमीटरवर एकटा असलेला माणूस कशावर विश्वास ठेवील हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मी खिशातला निळ्या काठाचा रुमाल काढला, कठड्याला बांधला, गाठ दोनदा आवळली आणि डोळे मिटून म्हटलं, ‘हे तरी राहू दे.’ 

मग घंटा झाली, सगळे परत आले, प्रत्येक जण आपापल्या कापडाशी उभा राहिला. माझी जागा पुढच्याच रांगेत होती. खाली सोनेरी सज्जे, लाल मखमल आणि मधोमध लखलखणारे दिवे. विद्यार्थ्याने सांगितलं, युद्धात हे बरंचसं जळून गेलं होतं, लोकांची उपासमार चालली होती त्या दिवसांतच ते परत बांधायला घेतलं. मग वाद्यवाल्यांनी सगळ्यांनी मिळून एकच सूर धरला. कामाआधी आम्ही मशीन शून्यावर आणतो, तसं. त्यानंतर जे सुरू झालं त्याची गोष्ट मला कळली नाही. कोण कुणावर का रागावलंय, कुणास ठाऊक. पण शेवटाकडे एक बाई रिकाम्या रंगमंचावर एकटी बसून हळू गायला लागली. कुठे माइक नाही, कर्णा नाही. गावच्या भजनाला चार कर्णे लावूनही शब्द ऐकू येत नाहीत, आणि इथे तिचा श्वाससुद्धा छतापर्यंत येत होता. ती कुणाची तरी वाट बघत होती, एवढं मला कळलं. मी कठडा धरून ढसाढसा रडलो. बाजूच्या म्हातारीने माझ्याकडे न बघता माझ्या हातावर थोपटलं.

गाणं संपलं, टाळ्या संपल्या, आणि लोकांनी गाठी सोडायला सुरुवात केली.

एक सुटली, दुसरी सुटली, सगळा कठडा मोकळा होत गेला. मफलर गळ्यात अडकवत, हसत, बोलत माणसं निघाली. मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढ्या सगळ्यांचं मागणं एकाच संध्याकाळी पुरं झालं! त्या म्हातारीचंही झालं, त्या विद्यार्थ्याचंही. माझाच रुमाल तेवढा उरला. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

तिथे काळ्या पोशाखातली एक पोक्त राखणदार बाई होती. तिने रुमालाकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. तिने पुन्हा दाखवलं, मी पुन्हा हलवली. शेवटी विद्यार्थ्याने समजावलं, की अरे बाबा, हे जागा धरायला बांधतात. कॉफी पिऊन येईपर्यंत दुसऱ्याने उभं राहू नये म्हणून. बस्स, एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असा रुमाल तर आम्ही एसटीच्या खिडकीतून हात घालून रोज टाकतो! ते सुचायचं सोडून मी नवस करून बसलो होतो. हसलो, सॉरी म्हटलं, आणि सोडायला गाठीवर हात ठेवला. हात पुढे जाईना. जागा धरायला बांधलेली गाठ नव्हती ती. मी तर मागितलं होतं. आपल्या हाताने ती सोडायची म्हणजे काय, हे मला त्यांना कसं सांगता येणार होतं?

शेवटी मी हातवारे केले. पोटावर हात फिरवला. दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. मग दोन बोटं दाखवली आणि तळवा जमिनीकडे उलटा केला. मग तिसरं बोट वर केलं, आणि ते तसंच धरून उभा राहिलो. विद्यार्थी तिच्याशी काहीतरी पुटपुटला. ती बाई पुढे आली आणि गाठ न सोडता, रुमाल तसाच धरून, कठड्यावरून सरकवत सरकवत पार टोकाला, खांबाआडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथे कुणी उभं राहत नव्हतं. त्यावर दोनदा थोपटून ती मला जर्मनमध्ये काही बोलली आणि दिवे मालवायला निघून गेली. ते काय होतं ते मी विद्यार्थ्याला विचारलं नाही.

सोमवारी मुंबईत उतरलो, मंगळवारी सकाळी पेटी घेऊन थेट पेणकरपाड्याचा रस्ता धरला. बांधावर एक ओळखीचे काका भेटले. ‘काय रं, कवा आलास?’ म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का? घर दिसलं तेव्हा मी माणसांकडे नाही, दोरीकडे पाहिलं. दोरीवर चार दुपटी वाळत होती.

सासूबाई ओट्यावर आल्या. ‘जावय, पोरगी झाली. पाचवी पुजली परवाच. पत्र धाडलं व्हतं, भेटलं न्हाय?’

आत बायको बसली होती आणि तिच्या शेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी इवलंसं हलत होतं. मी उंबऱ्याजवळच बसलो. प्रवासातून आलोय, अंघोळ करायचीय, हात गार आहेत, अशी कारणं सांगत बसलो. मग गप्प राहवेना म्हणून शहराचं सांगू लागलो. कौलं, पाणी, रांग, रुमाल, सगळं. रुमालाशी पोचलो तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बायको हसली नाही.

‘कंच्या दिवशी बांधलात?’

‘शनिवारी, संध्याकाळी.’

तिने बोटांवर मोजलं. ‘ही बुधवारची. शनिवारी तुमी मागत व्हताव तवा ही माझ्या कुशीत दूध पिऊन झोपली व्हती.’

तिथे कठडा धरून रडत होतो तेव्हा मी तीन दिवसांचा बाप होतो, आणि ते सगळ्या पेणकरपाड्याला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं ते थांबेना.

‘आता रडता कशाला?’ ती म्हणाली आणि ते गाठोडं माझ्याकडे सरकवलं. ‘उचला. घाबरू नका. ही ऱ्हायाला आलीय.’

मी शर्टाला हात पुसले आणि तिला उचललं.