ग्रॅनाइट आणि लो व्होल्टेज

सत्यजित सरवटे मंडीदीपच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. माल पास की नापास हे त्याच्या सहीवर ठरायचं, आणि एकवीस वर्षांत त्या सहीबद्दल कोणी शंका घेतली नव्हती. वय एक्कावन्न. कोलार रोडला तीन खोल्यांचा फ्लॅट, ग्वाल्हेरची बायको मेघा, पुण्याला शिकणारी मुलगी अबोली. पण भोपाळच्या मराठी मंडळींत त्याची ओळख वेगळीच होती. गणपतीच्या मांडवात, नाहीतर कोणाच्या लग्नात जेवताना, कोणीतरी हमखास म्हणायचं, "अरे, हे सरवटे, ग्रॅनाइटवाले! ती सात मात्रांवाली धून यांचीच." सत्यजित हसायचा आणि विषय बदलायचा. लोकांना वाटायचं, माणूस विनयी आहे.

ग्रॅनाइट हा त्याचा कॉलेजच्या दिवसांतला बँड. नव्वदच्या दशकात भोपाळात रॉक वाजवणाऱ्या पोरांचे दोनच बँड नाव घेण्यासारखे होते. एक ग्रॅनाइट आणि दुसरा लो व्होल्टेज. तुलसीनगरातल्या एका मराठी मंडळाच्या मागे सतरंज्या, पातेली आणि मखराचं सामान ठेवायची खोली होती. दोन्ही बँडमधल्या पोरांचे वडील मंडळाचे सभासद, म्हणून सराव तिथेच. सोमवारी आणि गुरुवारी ग्रॅनाइट, मंगळवारी आणि शुक्रवारी लो व्होल्टेज. ड्रमही एकच, मंडळाचा, एका बाजूला फाटलेला. पोरं मात्र एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. दोन्हीकडच्या चाहत्यांनी कँटीनची टेबलंसुद्धा वाटून घेतली होती.

लो व्होल्टेजचा गिटारवाला होता मिलिंद आंबेकर. हडकुळा, अबोल. त्याची आई मनोरमाबाई घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे तो तालासुरातच वाढलेला. सत्यजित गिटार शिकला तो कॅसेट मागे-पुढे करून. बोटं चपळ होती, मंचावर दिसायचाही छान. पण स्वतःचं काही सुचायचं नाही. हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत एका सोमवारी तो सरावाला सगळ्यांच्या आधी पोचला. मंडळाच्या टेपरेकॉर्डरमध्ये शुक्रवारची कॅसेट तशीच राहिली होती. त्याने सहज बटण दाबलं. मिलिंद एकटाच गिटार वाजवत होता. सात मात्रांचा तुकडा, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा अधिक धीट. सत्यजितच्या अंगावर काटा आला. ग्रॅनाइटच्या ड्रमवाल्या विक्रांतच्या स्कूटरचा आवाज आला तसं त्याने टेप बंद केलं आणि कॅसेट पिशवीत टाकली. उद्या परत ठेवू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी त्याने तो तुकडा सगळ्यांसमोर वाजवला. ड्रमवर बसलेल्या विक्रांतचे हात थांबले. "अबे, ये कहाँ से लाया?"

"सुचलं," सत्यजित म्हणाला.

एवढा एकच शब्द. नंतर कित्येकदा त्याने मनाशी हिशेब मांडला की त्या वेळी 'ऐकलं' म्हटलं असतं तर काय झालं असतं. काहीच झालं नसतं. पोरं हसली असती.

फेब्रुवारीत कॉलेजांचा मोठा महोत्सव होता. पहिल्या दिवशी ग्रॅनाइट वाजलं आणि त्या तुकड्यावर सगळं मैदान पायांनी ठेका धरून नाचलं. दुसऱ्या दिवशी लो व्होल्टेज मंचावर आलं. मिलिंदने तीच धून सुरू केली. आदल्या दिवशीचा कार्यक्रम त्याने ऐकला नव्हता, तापाने घरी पडून होता, आणि त्याच्या बँडमधलं दुसरं कोणी ग्रॅनाइटला ऐकायला गेलं नव्हतं. पहिलं आवर्तन संपेपर्यंत लोक गोंधळले, मग ओरडा सुरू झाला. "कॉपी! कॉपी! चोर!" मिलिंद थांबला. समोरच्या लोकांकडे न बघता तो आपल्याच बोटांकडे बघत राहिला. सत्यजित तिसऱ्या रांगेत होता, हातात शेंगदाण्यांची पुडी. उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. तो बसून राहिला. शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, "तेरा माल चुराया साले ने," आणि तो त्यावरही काही बोलला नाही.

महिन्याभरात लो व्होल्टेज मोडलं. ग्रॅनाइट आणखी तीन वर्षं चाललं. कॅसेट सत्यजितने पुसून टाकली, तिच्यावर आपल्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून.

हे सगळं तसंच राहिलं असतं. पण यंदा जानेवारीत मधुरा नावाच्या मुलीचा फोन आला. उज्जैनची, चोवीस-पंचवीस वर्षांची, महाराणा प्रताप नगरातल्या एका वर्तमानपत्रात काम करणारी. रविवारच्या पुरवणीसाठी ती शहरातल्या जुन्या रॉक बँडवर लिहीत होती. एकाच काळातले दोन बँड, एकमेकांचे वैरी, आणि तरी त्यांच्यात किती सारखेपणा, असा तिचा विषय होता.

ती रविवारी सकाळी घरी आली. मेघाने हौसेने पोहे केले, वर शेव भुरभुरली. मधुराने वही उघडली आणि उत्साहाने वाचू लागली. दोघांचा सराव एकाच खोलीत. दोघांकडे एकच फाटका ड्रम. दोन्हीकडे सरकारी नोकरांची मुलं, गाणी हिंदी, घरची भाषा मराठी. "आणि सर, सगळ्यात मोठं साम्य म्हणजे ती सात मात्रांची धून. त्याबद्दल मी मिलिंद सरांना विचारलं. ऐकवू?"

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. अठ्ठावीस वर्षांनी सत्यजितने मिलिंदचा आवाज ऐकला. तो तसाच होता, सावकाश बोलणारा.

"धून सत्यजितचीच होती. मी मुद्दाम नव्हती उचलली, आजही शपथेवर सांगतो. पण खोली एकच होती ना. कधीतरी दाराबाहेर उभा असताना कानात शिरली असेल, आणि मला वाटलं, माझीच. डोकं असं फसवतं माणसाला. त्यानंतर मी काही बांधलंच नाही. काही सुचलं की भीती वाटायची, हेही कोणाचं तरी असेल."

मधुराने मोबाइल उचलला. "किती प्रामाणिक आहेत ना? तुमचं काय म्हणणं, सर? तुम्ही त्यांना माफ केलंत?"

सत्यजितने पोह्यांची बशी खाली ठेवली. मेघा त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "त्यात माफ काय करायचं? लहान होतो आम्ही."

मधुराने ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

ती रेघ त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. इतकी वर्षं तो समजत होता की मिलिंदला सगळं माहीत आहे. मिलिंद कुठेतरी त्याला शिव्या घालत असेल, तिरस्कार करत असेल. त्या तिरस्काराचा त्याला एक प्रकारे आधार होता. निदान एका माणसाकडे तरी खरं जमा होतं. आता कळत होतं की खरं फक्त त्याच्याकडेच होतं. आणि आज, डोक्याचे केस पिकल्यावर, त्याने वर माफीही देऊन टाकली होती.

सोमवार-मंगळवार त्याने कारखान्यात काढले. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो महाराणा प्रताप नगरात आला. मिलिंद तिथल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या चपलांच्या ढिगाऱ्याजवळ एका बाकावर सत्यजित पाऊण तास बसून राहिला. वर्ग सुटला. मिलिंद शेवटी बाहेर आला, बोटांना मार्करची निळी शाई.

"सरवटे?" तो चक्क खूश झाला. "अरे, त्या मुलीने तुलाही गाठलं का?"

"मिलिंद, ती धून तुझी होती."

"असू दे यार आता."

"नाही. ऐक. तुझी कॅसेट टेपमध्ये राहिली होती. मी घरी नेली. ऐकून ऐकून बसवली. मला काही सुचलं नव्हतं. तू कुठून काही उचललं नव्हतंस."

मिलिंद जिन्याच्या कठड्याला टेकला. खालून ऑटोंचे हॉर्न येत होते. सत्यजितला वाटलं, आता मारेल. मारलं तर बरं होईल.

"कॅसेट शोधली होती मी," मिलिंद शेवटी म्हणाला. "मंडळाच्या वॉचमनवर आळ घेतला होता. बाळूवर. म्हातारा रडला होता." मग त्याने हातरुमालाने शाई पुसायला सुरुवात केली. ती निघत नव्हती, तरी तो पुसत राहिला. "दोन हजार तीनमध्ये एकाने मला नाटकाला संगीत द्यायला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. तुला कळतंय का, सरवटे? मी नाही म्हटलं."

"मी माफी..."

"मला नको सांगूस. चल, आईला सांग. त्या दिवसानंतर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती."

शिवाजीनगरच्या घरापर्यंत सत्यजित आपल्या गाडीने मिलिंदच्या स्कूटरमागे गेला. वाटेत दोनदा त्याच्या मनात आलं की सिग्नलला उजवीकडे वळावं आणि घर गाठावं. वळला नाही, एवढंच.

मनोरमाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, अंगावर शाल. खिडकी उघडी होती आणि तिच्या पलीकडे शेजारच्या बायका मटार सोलत होत्या.

"काकू, मी सत्यजित. सरवटेंचा."

"कोण?"

"तिला ऐकू कमी येतं," मिलिंद म्हणाला. "मशीन लावत नाही, शिट्टी वाजते म्हणते. मोठ्याने बोल."

सत्यजितने आवाज चढवला. "काकू, ती धून मिलिंदची होती. मी घेतली."

"काय घेतलं?"

"धून! मी चोरली!"

खिडकीपलीकडचं बोलणं थांबलं. मनोरमाबाईंनी कानामागे हात धरला. सत्यजित आणखी जवळ सरकला आणि ओरडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मिलिंदने चोरी नव्हती केली! चोरी मी केली होती!"

जे अठ्ठावीस वर्षांत कुजबुजून कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला तिसऱ्यांदा गल्लीभर ऐकू जाईल असं सांगावं लागलं. खिडकीतून दोन चेहरे आत बघत होते. त्याने मान वर केली नाही.

म्हातारीला या वेळी कळलं. तिने सत्यजितकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तू सांगत होतास रे. मी ऐकलं नाही."

"असू दे, आई."

"असू दे काय? सात मात्रांचा रूपक ताल मी शिकवला तुला. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

पन्नाशीचा मिलिंद पलंगाच्या कडेवर बसला आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या खोलीत आपलं आता काही काम नाही हे सत्यजितला समजलं. तो निघाला तेव्हा त्याला कोणी थांबवलं नाही.

गाडीत बसूनच त्याने मधुराला फोन केला आणि सगळं सांगितलं. "माझं ते माफीचं वाक्य काढून टाक. किंवा नको, राहू दे, आणि मी खोटं बोललो असंही लिही." ती जपून म्हणाली, "सर, घरी सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. मेघा ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला बघायला आला होतात, तेव्हा बाबांनी गिटार वाजवायला सांगितलं होतं. तुम्ही हेच वाजवलंत."

"हो."

"ते ऐकून मी होकार दिला असं नाही. पण ऐकलं होतं मी. माझ्या मैत्रिणींना सांगितलं होतं." ती उठून आत गेली. तीन दिवस ती कामापुरतं बोलली.

लेख आला. पुण्याहून विक्रांतचा फोन आला, "इतक्या वर्षांनी हे काढायची काय गरज होती? आम्हाला सगळ्यांना चोर केलंस." कारखान्यात कोणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या टेबलावर दोघंतिघं त्याला बघून गप्प झाले. अबोलीने फोनवर विचारलं, "बाबा, ते वॉचमन आजोबा आहेत का अजून?" सत्यजितने चौकशी केली. बाळू बारा वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा विदिशाकडे कुठेतरी होता. पत्ता मिळाला नाही. ज्याला सांगायचं तो माणूसच उरला नव्हता, आणि ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा त्याला जास्त टोचत राहिली.

मिलिंदचा फोन आला नाही. सत्यजितनेही केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

एप्रिलमध्ये दहा नंबर मार्केटमध्ये दोघं समोरासमोर आले. मिलिंदच्या पिशवीत दुधी भोपळा आणि कोथिंबीर. तो पुढे गेला, दोन पावलांवर थांबला आणि परत आला.

"आईने तुझं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. त्या मुलीने मिळवून दिलं. मशीन लावून ऐकलं."

सत्यजित उभा राहिला.

"तू चुकीचं वाजवत होतास, माहीत आहे? रूपकात पहिली मात्रा रिकामी असते. तिथे हात हलका सोडायचा. तू नेमकी तीच ठोकत होतास, दर आवर्तनाला." त्याने तिथेच, भाजीच्या गाडीच्या फळीवर, बोटांनी सात मात्रा वाजवून दाखवल्या. पहिली इतकी अलगद की ऐकूही आली नाही.

त्या ठोकलेल्या मात्रेवरच सगळं मैदान पाय आपटत होतं. सत्यजितला ते पाय आठवले आणि त्याची मान पुन्हा खाली गेली. चोरलं तेही त्याला नीट कळलं नव्हतं.

"पुन्हा दाखवतोस?" त्याने विचारलं.

"नाही," मिलिंद म्हणाला, आणि पिशवी सावरून स्कूटरकडे निघून गेला.