दुसऱ्याच्या फुंकरीची तपकीर

चूक माझीच होती. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका गावात वृद्ध यजमानांनी तंबाखू आणि झाडाच्या राखेची तपकीर पुढे ठेवली, आणि मी घरच्या सवयीने चिमूट उचलून ओढली.

दुभाष्या कुजबुजला, "इथं ती दुसऱ्यानं नळीतून आपल्या नाकात फुंकायची असते."

"तुमच्याकडं पाहुणे ताट वाढण्याआधीच जेवतात वाटतं?" म्हातारबांनी विचारलं आणि हातातली नळी कमरेला खोचली.

ते मला आपला श्वास देणार होते, मी नुसती पूड घेतली. घरीही बायकोने काही पुढे करावं एवढा मी कधी थांबलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर कोवळं ऊन होतं. मी शांतपणे त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "बाबा, चुकलो. आज तुम्हीच फुंका."